वराहाचा वजीर आणि सावंतवाडी

आमच्या घरीं पितळी डब्यांत दशावतारी गंजिफांचा एक जुना संच आहे. पानें १२० असावयाचीं, तीं ११९ भरतात. वराहाचा वजीर गहाळ आहे. तो कोणाच्या हातून गेला याविषयीं आत्याबाई व मोठ्या काकू यांचें आजतागायत एकमत झालेलें नाहीं. अवतार दहा, प्रत्येकाचा एक राजा, एक वजीर व एकापासून दहापर्यंतचीं पानें. तिघांनीं चाळीस चाळीस घेऊन खेळावयाचें, तेव्हां एक पान उणें होतांच सारा डाव अडतो. आत्याबाईंनीं ब्याऐंशी ओलांडली. घरांत हा खेळ नीट जाणणाऱ्या त्या एकट्याच उरल्या. म्हणून गेल्या मार्गशीर्षांत तो डबा व आत्याबाई या दोहोंस जपून सांभाळीत आम्ही आंबोलीचा घाट उतरलों.

सावंतवाडींत शिरतांच मोती तलाव व त्याच्या समोरचा राजवाडा नजरेंत भरतो. चितारआळींत लांकडी फळांचीं दुकानें आहेत. फळें इतकीं हुबेहूब कीं आमच्या धाकट्यानें एक पेरू दांतांशीं नेलाच. पण आमचें काम वाड्यांत होतें. गंजिफा करण्याची कला येथें जवळजवळ लयास गेली होती. १९७० च्या दशकांत शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनीं एका वृद्ध चिताऱ्याकडून ती जाणून घेतली व वाड्यांतच कारागीर बसविले. तेथें आम्हांस रंगविणारे हात प्रत्यक्ष पाहावयास मिळाले. इवल्याशा वाटोळ्या पानावर कासवाची पाठ काढतांना कुंचला क्षणभरही अडखळत नव्हता.

त्यांतील एका कारागिरानें आमचें एक पान उजेडांत फिरवून पाहिलें आणि हंसून मान हलविली. वजीर करून देतां येईल, पण पाठ कशी जुळवावी? पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनीं ती काळवंडलेली. नवें पान उपडें पडलें तरी सर्वांस ओळखूं येणार. गंजिफांत पाठ सारखी असणें हेंच मुख्य, असें तो म्हणाला. आम्ही तर आजवर चित्रेंच पाहत आलों होतों! मग त्यानें जुनी रीत सांगितली: कापडाचे थर चिंचोक्यांच्या खळीनें चिकटवावे, खडूचा लेप द्यावा, घोटून गुळगुळीत करावें, मग रंग आणि शेवटीं लाख. आत्याबाई सर्व कान देऊन ऐकत होत्या. परततांना घाटांतच त्यांनीं जाहीर केलें, “जुनीं पानें डब्यांत राहूं द्या. आपण सबंध संच घरीं करूं.”

पुढचे दोन महिने आमची पडवी म्हणजे कारखाना झाली. आजोबांचीं जुनीं धोतरें फाडलीं. चिंचोके भाजून, सोलून, भिजवून वाटण्यांत काकूंच्या पाट्यास आलेला वास अद्याप गेला नाहीं. पहिलीं पानें कडक उन्हांत वाळवलीं, तीं पापडासारखीं वळलीं. दुसऱ्या खेपेस सावलींत, वर पाट ठेवून वाळवलीं. लेपासाठीं खडूच्या पुडींत डिंक घातला, घोटण्यास एक मोठी कवडी घेतली. मासे सर्वांस साधले, पण वामनाचे कमंडलु मुलांच्या हातीं चहाच्या किटलीकडे झुकले. वराहाचा वजीर मात्र आत्याबाईंनीं कोणास काढूं दिला नाहीं. हात थरथरतो म्हणून कोपर उशीवर टेकून त्यांनीं तो चार दिवसांत पुरा केला. काकू शेजारीं रंग कालवून देत होत्या. जुन्या वादाचा उच्चार कोणीं केला नाहीं. लाख बाजारांतून पत्रीची आणून स्पिरिटांत विरघळवली.

डाव मांडला तो रविवारीं दुपारीं. दिवसाचा खेळ, म्हणून रामाच्या राजानें उघडावयाचा. रात्र असती तर कृष्णानें. पांच अवतारांत दहाचें पान भारी व पांचांत एक्का भारी, हें आम्हांस वारंवार चुकत होतें. आत्याबाई मात्र हात मारीतच होत्या. पहिला डाव त्यांनीं जिंकला, दुसराही जिंकला. तिसऱ्यांत काकूंस संशय आला. लाखेचा हात सर्वत्र सारखा बसला नव्हता. कोठें ओघळ, कोठें बुडबुडा. आत्याबाईंनीं दोन डावांतच निम्मीं पानें पाठीवरून ओळखावयास शिकून घेतलीं होतीं!

आतां पडवींत पाठींस लाखेचा दुसरा हात देणें चालू आहे, आणि आत्याबाईंस तिकडे फिरकण्याची बंदी आहे.