जीप दारात, आम्ही एसटीत

आपल्या गावांतून हिंडताना एक दृश्य हमखास दिसते. एखाद्या घराच्या पडवीला लागून, नाहीतर गोठ्याच्या पत्र्याखाली, जुनी जीप उभी असते. टपाची ताडपत्री विरलेली, मागच्या फळीवर कोंबड्या, बॉनेटवर वाळत घातलेल्या कुरडया. विचारले तर घरची माणसे सांगतात, "चालू आहे हो, जरा काम निघालंय." हे 'जरा काम' माणसाला कुठे कुठे नेते, ते आज सांगणार आहे. आमच्या संगमनेर तालुक्यापासून पुण्यापर्यंतची ही सुमारे १४० किलोमीटरची वाट आहे. पुढे ती सरकारी कचेरीच्या खिडकीपर्यंत जाते.

आधी जीपविषयी थोडे. १९४७ साली महिंद्र कंपनीने अमेरिकेच्या विलीज जीपचे सुटे भाग आणून मुंबईत जोडणी सुरू केली. तेव्हापासून ही गाडी खेड्यात शिरली ती घरचीच झाली. निवडणुकीत ती पुढाऱ्याची, लग्नात वरातीची आणि रात्रीबेरात्री आजाऱ्याची. आमच्या शेजाऱ्याची जीप १९९१ ची, एम.एम. ५४० जातीची, डिझेलवर चालणारी. वडिलांनी कांद्याच्या पैशात आणि थोड्या कर्जात घेतलेली. गेल्या पावसाळ्यात वडील गेले. गाडी मुलाकडे आली आणि तिच्याबरोबर तिची सगळी दुखणीही आली.

पहिले दुखणे ब्रेकचे. ब्रेक दाबला की गाडी उजवीकडे ओढायची. डाव्या चाकाचा ड्रम काढून पाहिला तर आतल्या व्हील सिलिंडरमधून तेल गळत होते. त्यातली रबरे फुगून भेंडासारखी झाली होती. मागे कोणीतरी ब्रेक ऑइल संपले म्हणून हाताशी होते ते इंजिनाचे तेल टाकले होते. हे लक्षात ठेवा. ब्रेकची रबरे खनिज तेलाने फुगतात, त्यांना ब्रेकचेच तेल लागते. शिवाय ते तेल हवेतला ओलावा शोषून घेते. ओलावा धरलेले तेल घाटात सारखा ब्रेक लागल्यावर तापून उकळते आणि पायाखालचा ब्रेक एकदम पोकळ होतो. म्हणून दोनेक वर्षांनी ते बदलावे, आणि अर्धवट वापरून उघडा राहिलेला डबा पुन्हा वापरू नये.

दुसरे दुखणे हत्यारांचे. या जीपचा सांगाडा विलीजच्या घराण्यातला, म्हणून त्याचे नटबोल्ट इंचाच्या मापाचे. इंजिन मात्र फ्रान्सच्या पेजो कंपनीच्या परवान्यावर बनलेले, त्याचे नटबोल्ट मिलिमीटरचे. एका घरात दोन भाषा बोलाव्यात तसा हा प्रकार. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. तिथे १३ नंबरचा पाना बसल्यासारखा वाटतो. पण फरक ०.३ मिलिमीटरचा असतो, आणि गंजलेल्या बोल्टवर जोर दिला की तेवढ्या फटीतच बोल्टचे कोपरे झिजून तो गोल होतो. ९/१६ इंच म्हणजे १४.२९. तिथे १४ चा पाना शिरत नाही आणि १५ चा फिरतो. त्यातून बाजारातला स्वस्त पाना नरम लोखंडाचा असला, तर नट सुटायच्या आधी पान्याचेच तोंड उघडते. शेजाऱ्याने तीन पाने असे वाया घालवले आणि ब्रेकच्या नळीचा नटही गोल करून बसला.

जॅकचीही तीच तऱ्हा. तेलाचा जॅक जुना झाला की आतले सील गळते आणि उचललेली गाडी नकळत खाली बसू लागते. जॅकच्या भरवशावर गाडीखाली कोणीही जाऊ नये. सांगाड्याखाली बाभळीचा भक्कम ठोकळा द्यावा, चाकांना दगडांची उटी लावावी, मगच खाली शिरावे.

अशा ब्रेकवर गाडी महामार्गावर काढण्यात अर्थ नव्हता. तेव्हा बुधवारी पहाटे गळका सिलिंडर वर्तमानपत्रात गुंडाळून, पिशवीत घालून आम्ही दोघे संगमनेरच्या स्टँडवर उभे राहिलो. शेजारी हसून म्हणाला, "साहेब, गाडी दारात आणि आपण एसटीत!"

ही वाट तुमच्यापैकी पुष्कळांच्या पायाखालची असेल. चंदनापुरीचा घाट चढून गेले की घारगावला मुळा लागते, पुढे आळेफाटा, तिथे कल्याण-नगर रस्ता आडवा जातो. नारायणगावात टोमॅटोच्या क्रेटांच्या थप्प्या. मग मंचर, राजगुरुनगर. आता चौपदरी रस्त्याची बाह्यवळणे झाल्याने मोटारी ही गावे बाजूला टाकून जातात. आमची एसटी मात्र स्टँड घेत घेत चालली होती. चाकणला आलो आणि शेजारी खिडकीला चिकटला. एके काळी चाकण म्हटले की आपल्याला कांदा-बटाट्याचा बाजार आठवे. आता तिथे मोटारींचे कारखाने. फोक्सवॅगनचा कारखाना तिथे २००९ साली उभा राहिला, आणखीही मोठे कारखाने आहेत. कोऱ्या मोटारी लादलेले लांबलचक ट्रेलर आमच्या एसटीला घासून जात होते. कोऱ्या गाड्यांच्या या गावातून आम्ही ३५ वर्षांपूर्वीच्या गाडीचा एक वीतभर भाग शोधायला चाललो होतो.

वाकडेवाडीला उतरून आधी मंगळवार पेठेतला जुना बाजार गाठला. बुधवारी आणि रविवारी भरणारा हा बाजार ज्याने पाहिला नाही त्याने एकदा पाहावा. जमिनीवर पोती अंथरलेली. त्यावर तांब्याची भांडी, बंद पडलेली घड्याळे, नळाच्या तोट्या, कुलपे, आणि हत्यारांचे ढीगच्या ढीग. या ढिगांत जुने घडीव पोलादाचे इंची पाने सापडतात. निवड कशी करावी? पान्यावर कोरलेले माप वाचावे, तोंडाच्या आतल्या कडा बोटाने तपासाव्या, आणि घरून आणलेल्या बोल्टवर तिथेच बसवून पाहावा. शेजाऱ्याने खिशातून अर्धा इंची बोल्ट काढला तसा विक्रेता म्हणाला, "पाहुणे तयारीने आलेत." घासाघीस करून चार रिंग पाने मिळाले. पण ब्रेकचा भाग मात्र तिथून घेऊ नका. पाना जुना चालतो, ब्रेकचे रबर आणि सिलिंडर जुने चालत नाहीत.

त्यासाठी नाना पेठ. तिथे सुट्या भागांच्या दुकानांची रांगच आहे. पहिल्या दुकानात विचारले, तर "मॉडेल कोणते? पुढचे चाक की मागचे? डावे की उजवे?" अशी सरबत्ती झाली. दुसऱ्या दुकानाने चकचकीत खोक्यातला सिलिंडर पुढे ठेवला. वरून अगदी तसाच, पण पिशवीतला नमुना शेजारी धरला तर आतल्या भोकाचे माप कमी. शेतकरी मातीचा नमुना न देता खत विचारायला येतो तेव्हा आम्हा शेतीखात्याच्या माणसांची जी अडचण होते, तीच दुकानदाराची. नमुना हवाच. तिसऱ्या दुकानातल्या वयस्क गृहस्थांनी नमुना हातात घेतला, भोकाचे माप घेतले, काही न बोलता माळ्यावर चढले आणि बरोबर तोच भाग घेऊन उतरले. पक्की पावती मागितली, तीही दिली. पावती असली की भाग बदलून मागता येतो, ती नसली की आपण आणि आपले नशीब.

येताना भोसरीला उतरलो. पुढच्या पाट्याच्या शॅकलची पिन झिजली होती. ती कुठेच मिळाली नाही, पण भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत लेथवाल्यांची काय वाण! एकाने नमुना पाहून चांगल्या पोलादाची पिन आणि पितळी बुश तासाभरात करून दिले. लोखंडाचा प्रश्न असा एका दिवसात सुटला.

कागदाचा प्रश्न मात्र एका दिवसात सुटत नाही.

खाजगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांची असते, नंतर दर ५ वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. १९९१ च्या जीपची मुदत २००६ ला संपली, मग २०११, २०१६, २०२१ आणि आता २०२६. अर्ज २५ नंबरच्या फॉर्मवर, मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत करायचा. फी एप्रिल २०२२ पासून मोटारीला ५,००० रुपये झाली. ऑगस्ट २०२५ च्या दुरुस्तीने २० वर्षांवरच्या मोटारीला १०,००० आणि मोटारसायकलला २,००० ठरली. त्यावर पर्यावरण कर, विमा, धुराचे प्रमाणपत्र, नव्या पद्धतीची नंबरपाटी, आणि गाडी समोर उभी करून तपासणी. तिथे ब्रेक, दिवे, सगळे पाहतात.

पण शेजाऱ्याची गाडी अजून वडिलांच्याच नावावर. मालक वारला तर वारसाने ३० दिवसांच्या आत परिवहन कचेरीला कळवावे आणि ३ महिन्यांच्या आत ३१ नंबरच्या फॉर्मवर गाडी नावावर करून घेण्याचा अर्ज द्यावा, असा नियम आहे. मृत्यूचा दाखला, बाकीच्या वारसांची संमती, चालू विमा हे सारे सोबत लागते. सातबाऱ्यावर वारस लावायला आपण तलाठ्याकडे धावतो. गाडीचा वारस लावायचा कोणाच्या ध्यानी येत नाही.

खिडकीवर गेल्यावर एकेक निघू लागले. नोंदणी पुस्तकावर कर्जाची नोंद तशीच होती. कर्ज १९९६ सालीच फिटलेले, पण ती नोंद उतरवण्यासाठी ३५ नंबरचा फॉर्म आणि देणाऱ्या संस्थेचा दाखला लागतो. ती पतसंस्था मध्यंतरी दुसरीत विलीन झालेली. पुस्तकातले नाव आणि आधारवरचे नाव यांत वडिलांच्या नावाचे स्पेलिंग निराळे. जुनी नोंद हाताने लिहिलेल्या रजिस्टरात, संगणकावर ती चढलेलीच नव्हती. संगणकावरून येणारा ओटीपी जायचा तो वडिलांच्या बंद पडलेल्या फोनवर. चासी नंबरचा पेन्सिलीने उमटवलेला ठसा मागितला, तर तो नंबर गंजाखाली. रॉकेल आणि तारेच्या ब्रशने घासून, कागद ठेवून, वर पेन्सिल फिरवून तो मिळवला. शेजारी चार वेळा गेला. प्रत्येक खेपेला एकच कागद कमी सांगितला गेला. चारही एकदम सांगितले असते तर तीन दिवसांची मजुरी वाचली असती. लिहून मागा, अशी माझी सूचना. काय काय कमी आहे ते कागदावर घ्या, निदान तिथेच उभे राहून वहीत उतरवा.

कोणी म्हणेल, गाडी एवढी जुनी, तर ऐतिहासिक म्हणून नोंदवा की! त्याला २०२१ च्या नियमाप्रमाणे ५० वर्षे पुरी व्हावी लागतात, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, आणि अशी गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही. आपल्या ३५ वर्षांच्या जीपची अवस्था घरातल्या मधल्या भावासारखी. ना लाड, ना मान.

मग मोडीत का काढू नये? हा प्रश्न त्या घरात आठवडाभर चालला. सून म्हणाली, हे पैसे ठिबकला लागतील. आई काही बोलल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "ह्यांना शेवटचं तिच्यातच नेलं होतं." दोघींचेही खरे होते. मी एवढेच सांगितले की ठेवायची तर ब्रेकने आणि कागदाने पुरी ठेवा. काढायची तर गावच्या भंगारवाल्याला नंबरपाटीसकट देऊ नका. सरकारमान्य मोडणी केंद्रात द्या आणि गाडी जमा केल्याचे प्रमाणपत्र घ्या, नोंदणी रद्द करून घ्या. कारण गाडी गेली तरी नाव राहते. नोंदीवरचा मालक अपघाताच्या भरपाईला जबाबदार धरला जातो, हे २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले आहे. परवान्याविना, विम्याविना पडवीत पडलेली आणि मधूनच कोणीतरी बाजाराला काढलेली गाडी सर्वांत वाईट.

त्यांनी ठेवायचे ठरवले आहे. ब्रेक नवे झाले, गाडी सरळ थांबते. पतसंस्थेचा दाखला आला, वारसनोंदीचा अर्ज दाखल झाला, तपासणीची तारीख मिळायची आहे. ठिबकचे यंदा अर्ध्या एकरावर भागवायचे ठरले.

तुमच्या दारात अशी गाडी असेल, तर या रविवारी दुपारी नोंदणी पुस्तक बाहेर काढा. नाव कोणाचे, मुदत कधीची, कर्जाची नोंद उतरली का, या तीन ओळी वाचा. मग चासी नंबर शोधा आणि घासून स्वच्छ करा. शेवटी रिकाम्या वावरात गाडी हळू चालवून ब्रेक दाबा आणि ती कुणीकडे ओढते ते पाहा. एवढे तासाभराचे काम आहे. पुढे काय करायचे हे त्यावरून घरात बसून ठरवता येईल.