बेवारस मालाचे वारस

आमच्या वऱ्हाडात लिलावाला कुणी लिलाव म्हणत नाही; हर्रास म्हणतात. 'लिलाव' हा शब्द पोर्तुगीजांबरोबर समुद्रमार्गे आला आणि 'हर्रास' अरबी-फारसीच्या वाटेने आमच्या कारभारात शिरला. शब्द कुठूनही आलेला असो, इथल्या मातीत तो चांगलाच रुजला. बाजार समितीत तुरीचा हर्रास होतो, नदीच्या रेतीचा हर्रास होतो, गहाण सोन्याचाही होतो. पण ज्या हर्रासावर आमच्या घराची चूल पेटते, तो या सगळ्यांहून वेगळा आहे. तो बेवारस मालाचा हर्रास. माझे मामा अकोल्याला हाच धंदा करतात. मी अमरावतीला बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला बसलो आहे, तो याच धंद्याच्या पैशावर. वसतिगृहातील मित्र विचारतात, "तुझे मामा करतात काय?" मी सांगतो, "लोकांनी सोडलेले सामान घेतात आणि विकतात." मित्र हसतात. पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "मग कधी घबाड सापडलं की नाही?"

घबाडाची ही कल्पना बहुधा अमेरिकेहून आलेली असावी. तिकडे घरात न मावणारे सामान ठेवायला लोक महिन्याच्या भाड्याने खोल्या घेतात. भाडे थकले की मालक कुलूप तोडतो आणि खोलीतल्या सामानाचा एकगठ्ठा लिलाव करतो. बोली लावणाऱ्यांनी दारातून काय दिसेल ते पाहायचे, आत पाऊल टाकायचे नाही. 2010 साली तिथे 'स्टोरेज वॉर्स' नावाची दूरदर्शन मालिका सुरू झाली आणि या धंद्याचा खेळ जगभर पोचला. आमच्याकडे तशा खोल्यांची चाळ नाही. आमचे सोडलेले सामान रेल्वेच्या पार्सल गोदामात साचते, घरमालकाच्या मागच्या खोलीत साचते, बंद पडलेल्या दुकानाच्या माळ्यावर साचते.

धंद्याला कायद्याचा आधार आहे, हे प्रथमच सांगितले पाहिजे. कारण जुन्या मालाचा व्यापारी म्हटले की लोकांना चोरीचा माल आठवतो. रेल्वेच्या 1890 च्या कायद्यातही बेवारस मालाच्या विल्हेवाटीची तरतूद होती आणि 1989 च्या नव्या कायद्यातही ती आहे. माल कुणी सोडवून नेला नाही, तर रेल्वे तो विकू शकते. विक्रीच्या पैशातून आपले भाडे व खर्च वळता करून उरलेली रक्कम मात्र हक्कदाराची असते. बँकेच्या लॉकरचेही तसेच. रिझर्व्ह बँकेने 2021 साली काढलेल्या नियमांप्रमाणे सलग तीन वर्षे भाडे भरले नाही, तर रीतसर सूचना देऊन आणि साक्षीदार उभे करून लॉकर फोडता येतो. गहाण वस्तू विकण्यापूर्वी धन्याला वाजवी सूचना द्यावी, असे 1872 चा करार कायदाही सांगतो. सारांश, विकण्यापूर्वी धन्याला एकदा हाक मारली पाहिजे, एवढी माणुसकी कायद्याने राखलेली आहे. हाक ऐकू जाते की नाही, हा प्रश्न निराळा.

हर्रासाचा दिवस बाहेरून जत्रेसारखा आणि आतून परीक्षेसारखा असतो. सकाळी माल पाहायचा, अनामत रक्कम भरायची, आपला लॉट नंबर ध्यानात ठेवायचा. "जसा आहे, जिथे आहे" ही अट पहिलीच असते. नंतर कुरकुर चालत नाही. मग बोली सुरू होते. एक वार, दोन वार, तीन वार! तिसरा वार होईपर्यंत आपली बोली मागे घेता येते, त्यानंतर नाही. 1930 च्या माल विक्री कायद्यात हे स्पष्ट लिहिलेले आहे. विकणाऱ्याने भाव चढवण्यासाठी आपलाच माणूस खोटी बोली लावायला उभा केला, तर खरेदीदार व्यवहार मोडू शकतो, हेही त्याच कलमात आहे. उलट बाजूची लबाडी पकडणे त्याहून कठीण. चार खरेदीदार चहाच्या टपरीवर आधीच ठरवून येतात, एकमेकांवर बोली चढवत नाहीत आणि संध्याकाळी माल आपसांत वाटून घेतात. अलीकडे रेल्वेचे भंगार संगणकावरच्या लिलावात विकले जाते. तिथे ना आवाज, ना माणसाचा चेहरा. मामांना ते रुचत नाही. "मानसाचं तोंड पाह्यल्याबिगर बोली कायची?" असे म्हणून ते मोबाईल माझ्या हाती देतात.

बंद गठ्ठ्यात काय आहे, हे ओळखण्याची विद्या कोणत्याही अभ्यासक्रमात नाही. मामा आधी धूळ पाहतात. धूळ सारखी बसलेली असेल, तर माल कुणी चाळवलेला नाही. मग ते पेटी एका बाजूने किंचित उचलून वजनाचा अंदाज घेतात. दोरीच्या गाठी पाहतात. बाईने बांधलेली गाठ आणि हमालाने बांधलेली गाठ त्यांना वेगवेगळी कळते. उंदराच्या लेंड्या दिसल्या तर कपडे गेले. मातीची रेघ दिसली तर वाळवीने कागद आणि लाकूड गेले. माल घरी आला की निवड सुरू होते. तांबे-पितळ मोडीच्या भावाने, लोखंड भंगारात, धड कपडे भांडेवाल्या बायांकडे, पुस्तके रद्दीवाल्याकडे, सागवानी फळ्या सुताराकडे. हमाली, गाडीभाडे आणि न विकला जाणारा कचरा वजा करता उरते ते थोडकेच. घबाड म्हणाल तर इतक्या वर्षांत एका चांदीच्या करंड्यापलीकडे मजल गेलेली नाही.

या निवडीत मामांचा एक नियम आहे. देव, फोटो आणि कागद विकायचे नाहीत. देव देवळात जातात. फोटो आणि कागद माळ्यावरच्या खोक्यात जातात. दुसरा नियम त्याहून कडक. जप्तीच्या मालावर बोली लावायची नाही. आमच्या जिल्ह्यांत कर्ज या शब्दाने किती घरे बसली, हे या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. जप्तीच्या बाबतीत कायद्यानेही काही वस्तूंना हात लावलेला नाही. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या 60 व्या कलमाप्रमाणे अंगावरचे जरुरीचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे आणि रूढीप्रमाणे स्त्रीला अंगावरून उतरवता न येणारे दागिने जप्त करता येत नाहीत. मामांनी हे कलम वाचलेले नाही. ते एवढेच म्हणतात, "जप्तीतल्या मालाले धनी असते बाबू, अन् तो कोपऱ्यात उभा राहून पायत असते. बेवारस मालाले धनीच नाई. मंग त्यात पाप कायचं?"

हिशेब सरळ होता. हिसकावलेले घ्यायचे नाही, सोडलेले घ्यायचे. मलाही तो लहानपणापासून पटलेला होता. दोन वर्षांपूर्वी एका खोलीच्या सामानाने या हिशेबाला पहिला तडा गेला.

अकोल्यातल्या एका घरमालकाच्या मागच्या खोलीत एक म्हातारा भाडेकरू राहत असे. जिनिंगमध्ये हंगामी काम करायचा. दिवाळीनंतर कापूस आला की जिन सुरू, उन्हाळ्यात जिन थंड. तसाच त्याचा भाड्याचाही हंगाम असायचा. एका उन्हाळ्यात तो कुलूप लावून गेला, तो आलाच नाही. घरमालकाने वर्षभर वाट पाहिली, धाडलेले पत्र परत आले, मग पंचांसमोर कुलूप उघडून सामान विकायला काढले. मामांनी खोली अकरा हजारांना घेतली. एक लोखंडी पलंग, भांडी, सायकल, पत्र्याची पेटी आणि पायाने चालवायचे उषा शिलाई मशीन. मशीन तिसऱ्याच दिवशी अकोट फैलातल्या एका बाईने बावीसशे रुपयांना नेले. नवरा वारला होता, पदरात दोन मुले; ब्लाऊज-परकर शिवून घर चालवायचे तिने ठरवले होते.

पेटी रिकामी करताना झाकणाच्या आत तेलरंगाने लिहिलेले नाव-गाव मला दिसले. मूर्तिजापूर तालुक्यातले खेडे होते. आत एक सातबारा, शाळा सोडल्याचा दाखला आणि लग्नातला फोटो. फोटोच्या मागे बोरूने लिहावे तशा अक्षरात मुलीचे नाव. मामा म्हणाले, "चाल, जाऊन येऊ." आम्ही एस.टी.ने गेलो. म्हातारा त्याच उन्हाळ्यात मुलीच्या घरी वारला होता.

मुलगी चाळिशीची. तिने फोटो पदराने पुसला आणि बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "भाऊ, आमी इसरलो नव्हतो. भाडं थकलं होतं सात महिन्याचं. कोन्त्या तोंडानं जावं? आज जाऊ, उद्या जाऊ, असं करता करता ऱ्हाऊनच गेलं." थोड्या वेळाने तिने हळूच विचारले, "मायची मशीन होती थ्या खोलीत. हाय का?"

मामांनी खरे ते सांगितले. मशीन कुणी नेले, कुठे नेले, किती रुपयांना. व्यवहाराने ते मामांचे होते, मामांनी विकल्यावर त्या बाईचे झाले. तरी मामा म्हणाले, "मी थिचे पैसे परत देतो. तुमी येऊन मांगा. थे देईन त मशीन तुमची."

ती आठ दिवसांनी आली. आम्ही तिघे अकोट फैलात गेलो. दार उघडेच होते. खिडकीजवळ मशीन चालू होते, खाली चिंध्यांचा ढीग आणि शेजारी थोरला मुलगा काजे-बटणे करत बसलेला. मुलगी उंबऱ्याबाहेर उभी राहिली. आत पाहिले, चाकाचा आवाज ऐकला. मशीनवरच्या बाईने मान वर करून विचारले, "काय शिवायचं हाय ताई?" मुलीने एकदा मामांकडे पाहिले आणि म्हणाली, "ब्लाऊज. कापड आनून देतो मंग." परत निघताना तिने मशीनबद्दल अवाक्षर काढले नाही. मामांनी पुढे केलेले पैसेही घेतले नाहीत.

त्या दिवसापासून मी या गोष्टीचा विचार करीत आलो आहे. मशीन कुणाचे? आईच्या आठवणीने ज्याच्यावर हक्क सांगता येतो तिचे, की ज्याच्यावर उद्याची भाकरी अवलंबून आहे तिचे? तेच मशीन एखाद्या शिंपिणीच्या घरून कर्जापायी जप्त करायला गेले असते, तर कारागिराचे हत्यार म्हणून कायदा आडवा आला असता. बंद खोलीत राहिलेल्या हत्याराला ते संरक्षण मिळाले नाही. आणि मामांनी जप्ती व बेवारस यांच्यामध्ये ओढलेली ती रेघ? सात महिन्यांच्या थकलेल्या भाड्याने ती पुसून टाकली. धनी कोपऱ्यात उभा नव्हता, एवढाच फरक. तो शरमेने गावीच थांबला होता.

मला आता असे वाटते की, बेवारस माल बहुधा विसरलेला नसतो. तो सोडवता न आलेला असतो. पार्सल गोदामातला गठ्ठा, लॉकरमधली पुडी, मागच्या खोलीतली पेटी, यांतल्या कित्येकांचा धनी जिवंत असतो, त्याला पत्ताही ठाऊक असतो. दंड, भाडे आणि लोकांसमोर उभे राहण्याची लाज यांची बेरीज वस्तूच्या किमतीहून मोठी झालेली असते. आम्ही व्यापारी ती वजाबाकी विकत घेतो.

म्हणून धंदा सोडावा काय? मामांनी सोडला नाही आणि सोडावा असे मलाही वाटत नाही. सोडला असता तर ते मशीन कुलपाआड गंजून गेले असते आणि अकोट फैलातली दोन मुले उपाशी राहिली असती. वस्तू वापरात राहिली पाहिजे, आणि ती वापरणाऱ्यापर्यंत कुणीतरी पोचवली पाहिजे. पण मामांच्या नियमांत तिसरा नियम वाढला आहे. खोलीचे सामान घेण्यापूर्वी ते घरमालकाकडून भाडेकरूच्या गावाचा पत्ता मागतात आणि बोली ठरण्याआधी स्वतः जाऊन येतात. तीन वेळा असे झाले की, मागचे भाडे थोडेफार कमी करवून धन्याने सामान सोडवून नेले आणि मामा रिकाम्या हाती परतले. एस.टी.चे भाडे अंगावर पडले. मामी चिडल्या. मामा म्हणाले, "हाक मारनं आपलं काम हाय. आला त त्याचं, नाई आला त आपलं."

माळ्यावरच्या खोक्यात अजून पुष्कळ फोटो आहेत. मुंडावळ्या बांधलेले नवरा-नवरी, शाळेच्या पायरीवरची चौथीची मुले, बैलजोडीपुढे उभा असलेला एक तरुण. मशीनला दुसरा वारस मिळतो, पलंगाला मिळतो, सायकलीलाही मिळतो. फोटोला मात्र एकच वारस असतो, आणि तो आला नाही तर कोणतीही बोली त्याच्या जागी दुसरा उभा करू शकत नाही.

वाचक मित्रांना या धंद्यातून एकच सल्ला देतो. परीक्षा संपल्यावर वसतिगृहाच्या खोल्यांत दरवर्षी काही पेट्या मागे राहतात. आपल्या पेटीच्या झाकणाला आतून नाव आणि गाव लिहून ठेवा. बाहेरून लिहिलेले पुसले जाते; आतून लिहिलेले, पेटी उघडणारा वाचतो.