अकरावा रुपया

१९९३च्या भूकंपानंतर शिरूर अनंतपाळात माळवदाखाली निजायला कुणाचा जीव धजेना. आमचीही एक भिंत उतरवली, तेव्हा कोनाड्यामागच्या मातीत गाडगं निघालं. चिंधीत बांधलेले अकरा रुपये, चारमिनारचे. निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा हाली शिक्का.

दहा रुपये आजीने त्याच संध्याकाळी चिंच आणि चुलीतली राख लावून घासले. लक्ष्मीपूजनाच्या ताटातली नाणी तिच्या माहेरीही अशीच उजळायची. अकरावा माझ्या खिशात राहिला होता. दुसऱ्या दिवशी मी तो दाखवला, तर म्हणाली, "राहू दे लेकरा. हे दहा लक्ष्मीचे, त्यो तुझा."

तो मी कडेनेच धरतो. तोंडावर बोट टेकू देत नाही. रंग भरून आलेल्या आभाळाचा, काठाला जांभळाच्या सालीची झाक. चारमिनारच्या कमानीत एक अक्षर आहे, ऐन: निजाम उस्मान अलींच्या नावातलं पहिलं. त्यांच्या आधीच्या महबूब अलींच्या रुपयावर त्याच कमानीत मीम असतं. साल हिजरी १३३०, म्हणजे आपलं १९१२. दहांची चांदी लखलखते, पण उजेडात तिरपं धरलं की राखेचे ओरखडे दिसतात, घासलेल्या ताटलीवर असतात तसे. अकराव्यावर टांकसाळीतला गुळगुळीतपणा अजून आहे.

असा हाली मिळणं अवघड, कारण तो राबला. वजन ११.१८ ग्रॅम, चांदी शेकडा ८१.८. इंग्रजांचा कलदार वजनानेही भारी, कसानेही. म्हणून सात हालीला सहा कलदार. आजी हा हिशेब बोटांवर करायची. १९४८ साली निजामी गेली, तरी हाली १९५९पर्यंत चालला. पुढे कितीतरी रुपये सोनाराच्या मुशीत गेले आणि वाळे, तोरड्या होऊन लेकीबाळींच्या पायांत आले. त्याचं मला वाईट वाटत नाही. चांदी घरातच राहिली.

नाण्यावरची कुठली रेघ चालते आणि कुठली नाही, हे अमेरिकेतल्या एका नाण्यावरून कळतं. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीने १७९४ साली पहिले १,७५८ चांदीचे डॉलर पाडले. त्यातला एक, जवळजवळ अस्पर्श राहिलेला, २०१३ साली एक कोटी डॉलरच्या वर गेला. त्याच्या अंगावर कानशीच्या रेघा आहेत. चकती वजनाला जास्त भरली की ठसा मारण्याआधी ती कानशीने उतरवत. त्या रेघा संग्राहक खुशाल पत्करतात, पण नंतर कुणी नाणं घासून उजळलं तर त्याची किंमत कोसळते. मला हा न्याय पटतो. कानस कारागिराची होती. तिच्याशिवाय तो डॉलर वजनात बसलाच नसता.

तरीही ते दहा रुपये मी कधी विकायला काढले नाहीत. त्यांच्यावरच्या रेघा आजीच्या हातच्या आहेत. मी नाणी मऊ पीव्हीसी प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवत नाही, त्याने नाण्याला हिरवट चिकटा धरतो. सगळी कागदी पाकिटांत, कोरड्या डब्यात असतात.

दिवाळीला डबा उघडतो. ताटात दहा रुपये विड्याच्या पानांवर मांडतो, अकरावा कापसावर. हळदकुंकू दहांना लागतं. त्याच्यापुढे नुसते हात जोडतो.