दसऱ्यानंतरची पुस्तकं

ऐतिहासिक कादंबरीतला कोणता काळ तुम्हाला जवळचा वाटतो, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे. पानिपतानंतरची अकरा-बारा वर्षं. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांची एक पिढी कापली गेली आणि १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला माधवराव पेशव्यांनी डोळे मिटले. या दोन तारखांमधला काळ. मी वाचलेलं पहिलं मोठं पुस्तक याच काळावरचं होतं. ते माझ्या हातात ठेवणाऱ्या बाई आता नाहीत. त्यांचं माझ्यावरचं ऋण लिहून ठेवावं, असं बरेच दिवस मनात होतं.

माझं गाव गेवराई तालुक्यात, गोदावरीपासून फार लांब नाही. आईवडील ऊसतोडीला जायचे. दसरा झाला की मुकादमाच्या उचलीचा हिशेब व्हायचा, दिवाळी गावात झाली तर झाली, आणि टोळी ट्रकमध्ये बसून सांगली-कोल्हापूरकडे निघायची. गावात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं उरायची. मी आजीपाशी राहायचे. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की उन्हाळ्यात आई दिसायची, हातांवर पाचटाचे ओरखडे घेऊन. घरात पुस्तक म्हणजे पंचांग तेवढं, तेही शेजाऱ्याचं जुनं.

बाई आमच्या शाळेत मराठी शिकवायच्या. गेवराईला राहायच्या आणि एसटीनं यायच्या. तिथल्या वाचनालयातून स्वतःच्या नावावर पुस्तकं काढून, वर्तमानपत्राचं कव्हर घालून, कापडी पिशवीतून आणायच्या. मी आठवीत असताना त्यांनी मला रणजित देसाईंची ‘स्वामी’ दिली. ते १९८७च्या आसपासचं वर्ष. दूरदर्शनवर गजानन जागीरदारांनी केलेली ‘स्वामी’ मालिका लागायची. रवींद्र मंकणींचे माधवराव आणि मृणाल देव यांची रमाबाई, माधवरावांची पत्नी. गावातल्या एकुलत्या टीव्हीसमोर सगळी आळी गोळा व्हायची आणि वीज गेली की उठून जायची. अर्धवट पाहिलेल्या त्या गोष्टीचं पुढं काय झालं, एवढंच मला हवं होतं.

पुस्तक मला झेपत नव्हतं. गारदी, सरंजाम, मसनद, मेणा, कशाचाच अर्थ लागेना. परत द्यायला गेले तर बाई म्हणाल्या, “शब्द अडला तर सोडून पुढं जा. रमा काय करतेय, तेवढं बघ.” मी तसंच वाचलं. तह, फौजा, दरबारातली भांडणं ओलांडत रमा जिथं दिसेल तिथं थांबत गेले. शेवटाला आले तेव्हा रात्र झाली होती. आजी उठून बसली आणि म्हणाली, “कामून रडायलीस गं? आईची याद आली का?” मी हो म्हटलं. ते खोटंही नव्हतं.

त्याच पुस्तकात राक्षसभुवनचं नाव आलं. राक्षसभुवन मला ठाऊक होतं ते शनीचं. शनी अमावास्येला गावातली माणसं तिकडं जायची, तेल वाहायची, गोदेत अंघोळ करून यायची. पेशव्यांच्या पुस्तकातलं राक्षसभुवन ते हेच, हे मला समजलंच नव्हतं. इतिहास घडतो तो पुण्याला, रायगडाला, फार तर दिल्लीला. आमच्याकडं दुष्काळ पडतो आणि टोळ्या जातात, अशीच माझी समजूत होती. बाईंनी फळ्यावर नदीची एक वाकडी रेघ काढली आणि तास बाजूला ठेवून ती लढाई सांगितली.

१७६३ साल. निजाम अलीच्या फौजेनं त्याच वर्षी पुणं लुटून जाळलं होतं. मराठी फौज त्याच्या पाठलागावर गोदेपर्यंत आली. दिवस ऐन पावसाळ्याचे, नदीला पूर. निजाम काही फौजेनिशी पैलतीरी उतरला आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह अलीकडं, म्हणजे आमच्या काठाला अडकला. १० ऑगस्टला लढाई जुंपली. राघोबादादा शत्रूच्या गर्दीत सापडले. त्यांना सोडवायला माधवराव धावून गेले. वय अठरा. आदल्याच वर्षी ज्या काकापुढं त्यांना शरण जावं लागलं होतं, त्याच काकासाठी. विठ्ठल सुंदर पडला आणि लढाई मराठ्यांच्या हाती आली. बाईंनी रेघेच्या खालच्या बाजूला खडूचा एक ठिपका दिला आणि म्हणाल्या, “हे तुमचं गाव.”

त्या ठिपक्यानं माझं काय झालं ते नीट सांगता येणार नाही. आपण जिथं राहतो ती जागाही सांगण्यासारखी आहे, हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

दहावीच्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास घरात माझ्या लग्नाचं बोलणं निघालं. आमच्याकडं हे नेहमीचंच. वयात आलेली पोर मागं कुणाच्या भरवशावर ठेवायची, ही आईबापांची खरी धास्ती. आणि लग्न झालं की नवरा-बायकोचा एक नवा कोयता उभा राहतो, त्याला उचल मिळते. माझे वडील वाईट नव्हते, त्यांना दुसरा मार्ग दिसत नव्हता. आजी थकली होती. बाई टोळी निघायच्या आधी घरी आल्या, ओसरीवर बसल्या, चहा घेतला आणि वडिलांना म्हणाल्या, “दादा, हिला सहा महिने माझ्याकडं राहू द्या. दहावी होऊ द्या, मग बघू.” त्यांनी कायद्याचा धाक घातला नाही की मोठमोठ्या गोष्टी सांगितल्या नाहीत. वडील बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “तुमच्या जिवावर ठेवतो.”

तो हंगाम मी गेवराईत बाईंच्या दोन खोल्यांत काढला. जेवणाचे पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत. संध्याकाळी अभ्यास झाला की पुस्तक मिळायचं, आधी नाही. दहावी झाले, पुढं बीडला शिकले, शिक्षिका झाले. यातलं माझं कर्तृत्व म्हणाल तर बाईंनी उघडलेल्या दारातून आत गेले, एवढंच.

बीडला शिकत असताना ना. सं. इनामदारांची ‘राऊ’ हाती आली. वसतिगृहात ती एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फिरत राहिली. निम्म्या मुली काशीबाईंच्या बाजूच्या, निम्म्या मस्तानीच्या. रात्री दिवे बंद झाल्यावरही वाद चालायचा. त्यांचीच ‘शिकस्त’ वाचली. पानिपतावरून न परतलेल्या सदाशिवरावभाऊंची पत्नी पार्वतीबाई त्यात आहे. भाऊ गेले हे त्या बाईनं अखेरपर्यंत मानलं नाही, सौभाग्यलेणं उतरवलं नाही. पुढं भाऊंचा तोतया उभा राहिला आणि तिच्या वाट पाहण्याची परवड झाली. मग मागं जात जात हरिभाऊ आपट्यांपर्यंत पोचले. विजयनगरच्या पडझडीत रामराजा आणि मेहेरजानची कहाणी सांगणारी ‘वज्राघात’ वाचली. मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून गुंजीकरांच्या १८७१च्या ‘मोचनगड’चं नाव घेतात, तीही शोधून वाचली.

एवढं वाचल्यावरही मन पेशवाईतच का रमतं, हे मला फार उशिरा उमगलं. शिवकाळावरच्या कादंबऱ्यांत प्रेम असतं, पण ते गड घेईपर्यंत ताटकळत उभं असतं. वाचणाऱ्याचं लक्षही गडावरच असतं. पेशवाईच्या कादंबरीत वाडा असतो. माजघर असतं, सासू असते, देवघर असतं, आणि सगळ्यांच्या देखत एकमेकांशी चार शब्द बोलण्याची चोरी असलेले नवरा-बायको असतात. त्यावर मोहिमेचं वेळापत्रक. पावसाळ्याचे चार महिने माणूस घरी, दसऱ्याला सीमोल्लंघन, मग आठ महिने खलिते येतील तेवढाच दिलासा. राक्षसभुवन भर पावसाळ्यात झालं, पण ते क्वचित. एरवी सगळ्या संसाराला हीच लय. या कादंबऱ्यांतलं प्रेम त्या चार महिन्यांत रुजतं आणि पुढच्या आठ महिन्यांत कसाला लागतं.

ही लय मला कुणी शिकवायची गरज नव्हती. माझं घरही दसऱ्यालाच रिकामं व्हायचं. शनिवारवाड्याच्या खिडकीशी उभी असलेली रमाबाई मला परकी वाटली नाही ती त्यामुळंच. फरक होता, मोठा होता. आमच्याकडची बाई मागं राहत नाही, नवऱ्याबरोबर फडात उतरते, पहाटे थंडीत मोळ्या बांधते आणि रात्री कोपीत चूल पेटवते. मागं राहतात ती लेकरं. आईवडिलांना एकमेकांशी मायेनं बोलताना मी फारसं ऐकलं नाही. पण एका हंगामात आईचा पाय कोयत्यानं कापला, तेव्हा वडिलांनी तिच्या वाटणीचा ऊसही तोडला आणि ते कुणाला सांगितलं नाही, हे मला टोळीतल्या मावशीकडून कळलं. कादंबऱ्या वाचल्या नसत्या तर त्याला प्रेम म्हणायचं मला सुचलं नसतं.

नोकरी लागल्यावर थेऊरला गेले. चिंतामणीचं दर्शन घेतलं आणि नदीकाठी रमाबाईंच्या स्मृतीपाशी गेले. माधवराव क्षयानं गेले तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. मूल नव्हतं. रमाबाई सती गेल्या. आठवीत असताना तो शेवट मला प्रेमाची पराकाष्ठा वाटला होता. त्या काठावर उभी असताना तसं वाटलं नाही. एवढंच वाटलं की हिला पुढं कुणी जगू दिलं असतं का, आणि जगली असती तर कशी. ‘स्वामी’वरचं माझं प्रेम यानं उणावलं नाही. १९६४चा साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेली ही कादंबरी मी आजही मुलींना देते. पण देताना आता मी त्यांच्याबरोबर बसते.

कारण माझ्या वर्गातली एक मुलगी ती वाचून आली आणि तिनं विचारलं, “मॅडम, लग्न झालं तेव्हा रमाबाई किती लहान होती?” सगळा वर्ग गप्प झाला. त्या वर्गात दिवाळीनंतर कुणाकुणाच्या घरी बोलणी होणार होती हे मलाही ठाऊक होतं, मुलींनाही. त्या काळात लग्नं बालपणीच व्हायची, असं मी सांगितलं. मग ती म्हणाली, “मग आता तो काळ संपला की नाही?” धडा बाजूला ठेवून आम्ही तो तास त्याच प्रश्नावर बोललो. जुन्या काळात मन रमवायचं तर त्या काळानं बायकांकडून काय घेतलं, तेही बघायला हवं. बाईंनी मला हे असं शब्दांत सांगितलं नव्हतं. माझ्या ओसरीवर येऊन त्यांनी ते करून दाखवलं होतं. त्या वर्षी मीही दोन घरांच्या ओसरीवर जाऊन बसले. एका घरी ऐकलं.

आता जे सांगायचं ते लिहिणाऱ्यांना. आमच्या मुलखावर या कादंबऱ्यांचे पुष्कळ उपकार आहेत, पण त्यांत आमचा मुलूख येतो तो रणांगण म्हणून. फौज पुण्याहून येते, लढते, परत जाते, आणि पान उलटलं की पुन्हा वाडा. गोदेच्या या काठावरची माणसं तेव्हा निजामाच्या अमलाखाली होती, पुढंही १७ सप्टेंबर १९४८पर्यंत राहिली. पुरातल्या त्या लढाईत दोन्ही बाजूंच्या घोड्यांखाली ज्यांची पिकं तुडवली गेली, त्या घरांतही नवी लग्नं झालेली असतील, कुणी कुणाची वाट बघत असेल. बीडजवळ निजामशाहीतली खजाना विहीर आहे, शहरात पाण्यानं वेढलेलं कंकालेश्वराचं देऊळ आहे, धारूरला आदिलशाहीतला किल्ला आहे, अंबाजोगाईला मुकुंदराज आणि दासोपंतांची परंपरा आहे. मराठी, उर्दू, तेलुगू बोलणारी माणसं इथं शेकडो वर्षं शेजारी राहिली. प्रेमकथेला याहून अधिक काय लागतं?

जो काळ मला सर्वांत प्रिय आहे, त्या काळात माझ्या गावातली एक मुलगी कशी जगत होती, हे मला अजून कोणत्याही कादंबरीत वाचायला मिळालेलं नाही. मला लिहिता येत नाही, वाचता येतं आणि वाचून घेता येतं. ज्यांना लिहिता येतं त्यांनी एकदा पावसाळ्यात राक्षसभुवनला यावं, नदी बघावी, म्हाताऱ्या माणसांशी बोलावं आणि लिहावं. पुस्तक झालं की एक प्रत गेवराई तालुक्यातल्या कुठल्याही जिल्हा परिषदेच्या शाळेत द्या. दसऱ्यानंतर गावात मागं राहणाऱ्या मुली ते वाचतील.