एकशे आठ चित्रे

आषाढ लागला म्हणजे मावळातील डोंगर दिसेनासे होतात. ढग पार खाली उतरतात, ओढे खळाळू लागतात आणि खाचराखाचरांतून चिखलणीची लगबग सुरू होते. पवनेच्या खोऱ्यातील शिरगाव हे अशा गावांपैकीच एक. साईबाबांच्या मंदिरामुळे लोक आज त्याला प्रतिशिर्डी म्हणून ओळखतात. गुरुवारी मंदिराच्या वाटेवर दर्शनार्थींची रीघ लागते. परंतु त्या गर्दीपासून थोडे बाजूला गेले, की ओल्या मातीचा वास येतो आणि बांधावरून पाऊल जपून टाकणारी माणसे दिसतात.

या गावात एक शेतकरी कुटुंब राहते. भाताची दोन खाचरे, एक म्हैस आणि मंदिराच्या वाटेवर हारफुलांचे लहानसे दुकान, एवढाच त्यांचा संसार. घरात वृद्ध आजोबा, आई, वडील आणि बारावीत शिकणारी एक मुलगी. मुलीला चित्रकलेची उपजत आवड. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा ती शाळेत असतानाच उत्तीर्ण झाली होती. मंदिराच्या वाटेवरील कितीतरी दुकानांच्या पाट्या तिच्याच हातच्या होत्या.

बारावीनंतर काय करायचे, हा प्रश्न निघाला तेव्हा तिने आपल्या मनातील गोष्ट सांगून टाकली. तिला डिजिटल माध्यमकलेची पदवी घ्यायची होती. संगणकावर चित्रे काढावयाची, त्यांत हालचाल निर्माण करावयाची, त्यांना ध्वनीची जोड द्यावयाची, आणि त्यांतून गोष्ट सांगावयाची किंवा एखादे अवघड ज्ञान सोपे करून दाखवावयाचे, अशी ही विद्या. ती चार वर्षे शिकावी लागते.

वडिलांनी सगळे ऐकून घेतले. ते कठोर नव्हते. पण काळजीने माणूस कठोर दिसू लागतो. ते म्हणाले, “पाट्या रंगवून मीठमिरची सुटते, पोरी, त्यावर आयुष्य निघत नाही. आणि चार वर्षांचा पैसा आणायचा कोठून? रस्त्याकडचे खाचर विकायचे का?”

या प्रश्नात अतिशयोक्ती नव्हती. रस्त्याकडच्या खाचराला गिऱ्हाईक शोधावे लागणार नव्हते. दलाल दर महिन्याला दारात येऊन बसत. भोवतालच्या कितीतरी जमिनी अशाच गेल्या होत्या. आलेला पैसा सरला आणि गेलेली जमीन परत आली नाही, हे वडिलांनी डोळ्यांनी पाहिले होते. मुलीला उत्तर सुचेना. ती उठून आत गेली.

ओटीवर बसलेले आजोबा मात्र भिंतीवरील एका जुन्या तसबिरीकडे पाहत होते. कमळावर उभी असलेली ती लक्ष्मी. रंग थोडे उडाले होते, काचेआड ओल शिरली होती. पण दर दिवाळीला तिच्यासमोर पणती लागल्यावाचून राहत नसे. “ही तसबीर माझ्या वडिलांनी मळवलीहून आणली,” आजोबा म्हणाले. “ते तेथल्या छापखान्यात दगड घासायचे.”

मुलीने ही गोष्ट पूर्वीही ऐकली होती; परंतु दगडाचा आणि चित्राचा संबंध काय, हे तिने कधी विचारले नव्हते. त्या दिवशी तिने विचारले.

राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत चित्रांचा छापखाना काढला, आणि पुढे १८९९ साली तो लोणावळ्याजवळच्या मळवली येथे हलविण्यात आला. तोपर्यंत रविवर्म्यांची चित्रे राजेरजवाड्यांच्या महालांत होती. या छापखान्यामुळे ती शेतकऱ्याच्या ओटीवर आली. तेथे चित्र छापले जाई ते गुळगुळीत घासलेल्या चुनखडीच्या दगडावरून. दगडावर तेलकट शाईने चित्र काढावयाचे, मग दगड पाण्याने ओला करावयाचा. तेल आणि पाणी यांचे सख्य नसल्यामुळे छपाईची शाई केवळ रेषांना चिकटते आणि कागदावर उतरते. एका दगडावरून एकच रंग उमटे. म्हणून लक्ष्मीच्या साडीचा एक दगड, कमळाचा दुसरा, कांतीचा तिसरा, असे अनेक दगड एकाच चित्रासाठी लागत. कागद केसभर जरी सरकला तरी साडीचा रंग हातावर जाई. काम झाले, की दगड घासून पुन्हा कोरा करावयाचा. हेच काम आजोबांच्या वडिलांनी केले होते. १९७२ साली लागलेल्या आगीत तो कारखाना नष्ट झाला. परंतु भिंतीवरची लक्ष्मी राहिली.

दुसऱ्या दिवशी मुलीने ही हकीकत आपल्या शाळेतील चित्रकलेच्या बाईंना सांगितली. बाई म्हणाल्या, “मग तुझ्या पणजोबांचे काम आणि तुला शिकायचे आहे ते काम, ही भावंडेच की! पडद्यावरचे चित्र असंख्य ठिपक्यांचे असते. प्रत्येक ठिपक्यात तांबडा, हिरवा आणि निळा, असे तीनच प्रकाश. प्रत्येकाच्या शून्यापासून २५५ पर्यंत २५६ पायऱ्या. त्यांच्या मिश्रणातून एक कोटी सदुसष्ट लाखांहून अधिक रंग होतात. त्यांनी रंग दगडांवर वेगळे केले, तू ते आकड्यांत वेगळे करशील.”

याच मावळाशी आणखी एका मोठ्या माणसाचा संबंध आहे, हेही बाईंनी तिला सांगितले. तो माणूस म्हणजे दादासाहेब फाळके. त्र्यंबकेश्वर येथे १८७० साली जन्मलेल्या फाळक्यांनी १८८५ साली मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश घेतला. पुढे बडोद्याच्या कलाभवनात ते चित्रकला, शिल्प, वास्तुकला आणि छायाचित्रण शिकले. एकाच माणसाने इतक्या कलांच्या मागे लागावे, हे त्या काळी अनेकांना विचित्रच वाटले असेल. पुरातत्त्व खात्यातील नोकरी सोडून १९०६ च्या सुमारास त्यांनी लोणावळ्यास छपाईचा व्यवसाय सुरू केला, आणि रविवर्म्यांच्या छापखान्यासाठी छायाचित्रांच्या साहाय्याने शिळाछपाईचे काम केले. पुढे त्यांनी चित्रपट काढण्याचे मनावर घेतले, तेव्हा आयुष्याचा विमा गहाण ठेवून ते १९१२ साली विलायतेस गेले. परत आल्यावर प्रश्न उभा राहिला तो पैशाचाच. सावकाराचा विश्वास बसावा कसा? फाळक्यांनी वाटाण्याचे एक रोप घेतले आणि महिन्याहून अधिक काळ ते रोज थोडे थोडे टिपले. ती फीत फिरविली तेव्हा बीजातून कोंब आला, कोंबाचे रोप झाले, आणि हे सारे पाहणाऱ्याच्या डोळ्यांसमोर काही क्षणांत घडले! कर्ज मिळाले. पत्नी सरस्वतीबाई यांनी दागिने देऊ केले आणि फिती धुण्याचे कामही अंगावर घेतले. ३ मे १९१३ रोजी मुंबईत ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. पुढे १९१५ साली फाळक्यांनी आगकाड्यांनाही पडद्यावर चालविले.

ही गोष्ट ऐकून मुलगी घरी आली ती थेट खाचरावर गेली. लावणी नुकतीच झाली होती. तिने बांधावर एक जाड मेढ रोवली, तिच्या माथ्यावर खाच पाडली, आणि त्या खाचेत मोबाइल बसवून समोरच्या भाताच्या चुडाचे छायाचित्र घेतले. घरात तसा मोबाइल एकच, आणि तोही वडिलांचा. वडील सकाळी दुकानाकडे निघण्यापूर्वी ती तो मागून घेई, धावत बांधावर जाई आणि एक चित्र टिपून परत आणून देई. “काय चालले आहे हे?” असे वडिलांनी एकदाच विचारले. “रोप वाढताना पाहते आहे, बाबा,” ती म्हणाली. “ते तर आम्ही जन्मभर पाहतो आहोत,” असे म्हणून वडील निघून गेले.

पाऊस कोसळत राहिला. कधी काचेवर थेंब येत, कधी धुके दाटून चूड दिसेनासा होई. एकदा शेजारच्या बैलाने अंग घासून मेढ कलती केली. तिने ती मोजून पुन्हा सरळ केली. श्रावण सरला आणि भाद्रपदात मुलीला सणकून ताप भरला. तीन दिवस ती अंथरुणावर पडून होती. चौथ्या दिवशी उठताच तिला रडू कोसळले. तीन दिवसांचे रोप कायमचे हुकले होते. गेलेला दिवस परत आणता येत नाही. मग यंत्र कितीही चांगले असो.

तरीही तिने मोबाइल हाती घेतला, आणि ती चकित झाली. तिन्ही दिवसांची तीन चित्रे त्यात होती. तोच चूड, तीच उंची, तीच सकाळची वेळ. फक्त प्रत्येक चित्राच्या कडेला निळ्या प्लॅस्टिकच्या खोळीचे टोक आले होते. तशी खोळ पावसात घरातील एकच माणूस डोक्यावर घेत असे. मुलगी काही बोलली नाही. वडीलही काही बोलले नाहीत.

दाणे भरले, लोंब्या वाकल्या, खाचर पिवळे झाले, आणि कापणीच्या आदल्या दिवशी शेवटचे चित्र घेतले. मोजली तेव्हा ती एकशे आठ भरली, जपमाळेच्या मण्यांइतकी. पडद्यावर एका सेकंदात चोवीस चित्रे सरकली, की डोळ्याला ती सुटी दिसत नाहीत, हालचाल दिसते. म्हणजे साडेतीन महिन्यांच्या परिश्रमांचे झाले साडेचार सेकंद!

शाळेच्या संगणकावर बाईंच्या मदतीने तिने ती चित्रे एकामागून एक जुळविली. निळे टोक पाहून बाई म्हणाल्या, “हे पुसून टाकणे अगदी सोपे आहे. दोन मिनिटांत कोणाला कळणारही नाही.” मुलगी क्षणभर थांबली आणि म्हणाली, “राहू द्या, बाई.” बाईंनी तिच्याकडे पाहिले, मग त्याही हसल्या. काय पुसता येते, हे संगणक शिकवितो. काय पुसू नये, हे त्याला ठाऊक नसते.

त्याच आठवड्यात बाई मुलीच्या घरी आल्या. त्यांनी कोणतीही स्वप्ने विकली नाहीत. या अभ्यासात पहिले वर्ष बहुधा साध्या पेन्सिलीचे, रंगाचे आणि निरीक्षणाचे असते. अक्षरलेखन, छायाचित्रण, ध्वनी, चलच्चित्र हे सारे त्यानंतर येते, असे त्यांनी सांगितले. खासगी संस्थांचे शुल्क लाखांच्या घरात जाते. शासकीय संस्थांचे पुष्कळ कमी असते, पण तेथे प्रवेशपरीक्षा कठीण आणि जागा थोड्या. मुंबईची १८५७ सालची कलाशाळा, जिला २०२३ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, मुंबईच्याच आयआयटीतील १९६९ साली सुरू झालेले अभिकल्प केंद्र, अशी काही नावे त्यांनी लिहून दिली. पदवी मिळाली म्हणजे कलावंत झालो, असे नाही. आणि काम मिळेलच, असे वचनही कोणी देऊ शकत नाही, हेसुद्धा त्या स्पष्ट बोलल्या.

त्यानंतर ओटीवर, लक्ष्मीच्या तसबिरीखाली, मुलीने चित्रपट दाखविला. आजोबा पुढे सरकले, आई पदराला हात पुसत आली. हिरवा चूड थरथरला, उंच झाला, फुटवे आले, लोंब्या बाहेर पडल्या, सोन्यासारख्या पिवळ्या झाल्या आणि वाकल्या. संपले! आजोबांनी तो पुन्हा दाखवावयास सांगितला. दुसऱ्या वेळी वडील एकाएकी म्हणाले, “मध्येच निळे काय चमकले?”

“तुम्ही, बाबा,” मुलगी म्हणाली.

वडील खाली पाहू लागले. तीन चित्रे म्हणजे सेकंदाचा आठवा भाग. पापणी लवावी एवढाच तो काळ. पण त्यांना तो दिसला होता. जन्मभर पाहिलेले रोप प्रथमच वाढताना पाहिल्यासारखे ते बराच वेळ गप्प बसले. मग त्यांनी विचारले, “त्या परीक्षेचा अर्ज कधी भरायचा असतो?”

खाचर विकावे लागेल की शासकीय संस्थेत जागा मिळून ते वाचेल, हे त्या संध्याकाळी कोणालाच ठाऊक नव्हते. ते परीक्षेवर आणि मुलीच्या अभ्यासावर अवलंबून होते. परंतु दुसऱ्या दिवशी पहाटे कापणीला निघताना वडिलांनी बांधावरची मेढ उपटून टाकली नाही. ती त्यांनी हलवून पाहिली, पायाने तिच्या बुडाशी माती दाबली आणि मगच विळा हाती घेतला.