हाताच्या कामाची लाज कशाला?

जयंतीचे दिवस जवळ आले की आमच्या वस्तीत गायन पार्टीच्या तालमी सुरू होतात. पूर्वी पेटी, ढोलकी आणि बुलबुलतरंग एवढ्यावर भीमगीते रंगत. आता कीबोर्ड आला, ऑक्टोपॅड आला, इलेक्ट्रिक गिटारही आली.

आमच्या भाच्याने अशीच एक जुनी गिटार घेतली. आवाज चांगला, पण मान चिकट. मान म्हणजे डाव्या हाताचा पंजा जिच्यावरून सरकतो तो लांब दांडा. वादक त्याला 'नेक' म्हणतात. ही मान बहुधा मॅपल या फिकट रंगाच्या लाकडाची असते. हे लाकूड उघडे राहिले तर घाम व दमटपणा शोषून मळते, वाकते. म्हणून अमेरिकेत लिओ फेंडर यांच्या कारखान्यात १९५० च्या दशकात मॅपलच्या मानेवर लॅकरचा थर देत. पुढे पॉलिएस्टर, पॉलियुरेथेनचे थर आले. मुंबईच्या उकाड्यात हा काचेसारखा गुळगुळीत थर घामेजल्या हाताला धरून ठेवतो आणि सूर गाठायला बोटे उशीर करतात.

भाचा म्हणाला, "मामा, मान मी घरीच घासतो." आमची ताई नाराज झाली. "अरे, तू तरी सांग याला. पदवीपर्यंत शिकवला तो काचकागद घासायला का?"

ताईचे दुःख आम्ही जाणतो. आमच्या आधीच्या पिढ्यांनी अंगमेहनत केली ती आवडीने नव्हे. ती जन्माने लादली होती. जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची नव्हे, तर श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिभेद निर्मूलन' या पुस्तकात दाखवून दिले. माणसाची आवड व कुवत न पाहता जन्मावरून धंदा ठरवायचा, हा खरा अन्याय. म्हणजे दोष कामात नाही, लादण्यात आहे. आम्ही ताईला एवढेच म्हटले, "ताई, हे काम त्याने स्वतः निवडले आहे. करू दे."

गल्लीतल्या फर्निचर पॉलिशवाल्या काकांना विचारून भाचा कामाला लागला. आधी तारा सैल करून काढल्या. मागचे चार स्क्रू काढून मान धडापासून वेगळी केली. पट्ट्यांची बाजू व वरचे डोके कागदी चिकटपट्टीने झाकले. मग तोंडाला फडके बांधून ४००, ६०० आणि शेवटी ८०० नंबरचा कागद, लाकडाच्या रेषेच्या दिशेने, मानेच्या लांबीभर. काका म्हणाले, "जोर लावू नकोस बाळा, आकार बिघडेल. थर काढायचा नाही, नुसती चकाकी मोडायची." एके ठिकाणी अंगठ्याच्या घर्षणाने थर आधीच गेला होता. तिथला मळ घासून जवसाच्या पक्क्या तेलाचा अगदी पातळ हात दिला आणि लगेच पुसला. तेलाची चिंधी उघडी पसरून वाळवली. कारण बोळा करून टाकलेली तेलकट चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. हेही काकांनीच सांगितले.

मान मखमलीसारखी झाली. पण आम्हाला त्याहून मोठी वाटली ती दुसरी गोष्ट. भाचा म्हणाला, "मामा, मी दोन सुट्ट्या धूळ खाल्ली. काका आयुष्यभर खातात, तेही फडक्याशिवाय." पुढच्या रविवारी तो काकांसाठी चांगले मास्क घेऊन गेला. कारागिराचे कौतुक सगळेच करतात, त्याच्या छातीची काळजी कोण घेतो?

बौद्ध वाङ्मयात सोण नावाच्या भिक्षूची कथा आहे. पूर्वाश्रमी तो उत्तम वीणा वाजवी. साधनेत अतिरेक करून त्याचे पाय रक्ताळले, तेव्हा भगवान बुद्धांनी त्याला वीणेच्याच तारांवरून समजावले: फार ताणली तरी सूर नाही, फार सैल सोडली तरी नाही. काकांचा 'जोर लावू नकोस' हा सल्ला आम्हाला त्याच जातकुळीचा वाटतो.

माता-भगिनींनो, मुलांना शिकवा, साहेब करा. पण त्यांच्या हातात एखादे हत्यारही द्या. बाबासाहेबांनी आपल्याला लादलेल्या कामातून सोडवले, ते काम करणाऱ्याला कमी लेखण्यासाठी नव्हे. ज्याला स्वतःच्या हाताची लाज नाही, तोच दुसऱ्याच्या हाताचा मान राखतो.

जयभीम!