उस्तादांचा कान, पडद्यावरची रेघ

नगरात लष्करी वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीई आहे, पण आमच्या ओळखीचे उस्ताद कानानंच इंजिन ओळखतात. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, सेन्सर वाढले. सेन्सरची तक्रार कानाला कशी ऐकू येणार?

स्कॅनर कोड सांगतो. ऑसिलोस्कोप लॅपटॉपवर विजेची रेघ काढतो. नव्या पोरांना मी सांगतो, सुरुवात बॅटरीपासून करा. इंधन बंद ठेवा, बॅटरीच्या केबलला करंट क्लॅम्प लावा, स्टार्टर फिरवा. प्रत्येक सिलिंडरच्या दाबाचा एकेक उंचवटा उमटतो. एखादा बुटका दिसला, तर एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन कमी असल्याचा संशय घ्यावा. इंजिन न खोलता एवढं कळतं.

अंदाजानं पार्ट बदलला, तर पैसे गिऱ्हाइकाचे जातात. गाडी आपल्याकडे अमानत असते. म्हणून उस्तादांचा कान जपा आणि रेघही वाचायला शिका.